टाइमकीपरची अमेरिकन परीक्षा

आडनाव न विचारता मला खोली देणारा अंबरनाथमधला पहिला माणूस वेडा निघावा, हे माझ्या नशिबाला शोभणारंच होतं. त्याआधी बरेच दिवस मी खोली शोधत होते. एकटी बाई म्हणून अर्ध्यांनी दार लावलं आणि उरलेल्यांनी आडनाव ऐकल्यावर "अहो, कालच दिली हो" असं तोंड वाकडं न करता सांगितलं. आम्ही बौद्ध. मी ते लपवत नव्हते, आणि लोकही आपला नकार फारसा लपवत नव्हते. उल्हासनगरच्या एका शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली होती आणि तोवर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, लांबच्या मावशीच्या दोन खोल्यांत माझं अंथरूण कुठंतरी कोंबलं जायचं. मावशी काही बोलायची नाही. पण न बोलताही माणूस पुष्कळ बोलतो.

त्या वेड्या माणसाचं, म्हणजे काकांचं, घर अंबरनाथ पश्चिमेला. खाली एका सिंधी शेठचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, वर गॅलरीला लागून काकांच्या दोन खोल्या आणि शेजारी भाड्यानं द्यायची एक. मी गेले तेव्हा ते टेबलाशी बसून काहीतरी वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "शिक्षण?"

"बी.एस्सी."

"विषय?"

"फिजिक्स."

काका उठून उभे राहिले. अगदी कुणी मोठा साहेब आल्यावर राहावं तसे. मग म्हणाले, "लंबकाला जड गोळा लावला काय, हलका लावला काय, झोका तेवढ्याच वेळात. बरोबर?"

"बरोबर."

"आणि स्प्रिंगला जड वजन लावलं तर वेळ वाढतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग दोघांत हा भेदभाव का?"

मी उन्हातून आले होते, सकाळपासून पोटात एक चहा होता. मी म्हटलं, "काका, खोली द्यायची आहे की नाही ते सांगा."

ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले. "पाणी सकाळी येतं. लवकर भरा. आणि संध्याकाळी शाळेतून आलात की अर्धा तास मला द्यायचा. भेदभाव का ते सांगायचं."

असा आमचा भाडेकरार झाला. तेव्हा मला वाटलं, म्हातारा एकटा आहे, गप्पांना माणूस हवं असेल. वाटलं ते अर्धंच खरं होतं.

काका मूळ संगमेश्वराकडचे. सगळी नोकरी अंबरनाथच्याच एका फॅक्टरीत, टाइमकीपर म्हणून. म्हणजे गेटाशेजारच्या खिडकीत बसायचं, कोण कधी आला ते मस्टरवर चढवायचं, भोंग्यानंतर आला त्याला लेट मार्क द्यायचा. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षर मोत्यासारखं. फॅक्टरी आचके द्यायला लागल्यावर लवकर रिटायर होऊन घरी बसले. काकी त्याआधीच गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा अमेरिकेत फिजिक्समध्ये पीएच.डी. करत होता.

आणि हा माणूस घरात बसून पाळीनं अभ्यास करायचा. थट्टा नाही. सकाळी सात वाजता पहिली पाळी. खाकी पँट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, आणि दाराशी टांगलेल्या एका पुठ्ठ्यावर सही करायची. दोन मिनिटं उशीर झाला तर स्वतःलाच लेट मार्क. तीन लेट मार्कांना हाफ डे, म्हणजे दुपारनंतरचा चहा बंद. एकदा दाढ दुखत होती म्हणून उशिरा बसले, तो तिसरा लेट मार्क, तर संध्याकाळी मी केलेला चहा त्यांनी हातानं दूर सारला. "नियम म्हणजे नियम, टीचर. माझ्यासाठी बदलला तर उद्या सगळे मागतील."

"सगळे कोण, काका? घरात तुम्ही एकटे."

"म्हणूनच जपावं लागतं," ते म्हणाले.

सगळ्यात मला त्यांचा डबा बघवायचा नाही. सकाळी उठून पोळीभाजी करायचे आणि चक्क डब्यात भरायचे. दुपारी सुट्टी झाली की टेबलावरचं पुस्तक मिटून, त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत डबा उघडून जेवायचे. स्वयंपाकाचा ओटा हाताच्या अंतरावर. तवा अजून तिथंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं रविवारी मी घरी असले की माझंही ताट घेऊन त्यांच्या दारात बसायला लागले. मला काही समाजसेवेचा पुळका नव्हता. माझ्या खोलीतही मी एकटीच जेवत होते, आणि नुसतं भिंतीकडे बघून घास उतरत नाही.

आता अभ्यास कशाचा, ते सांगते. मुलगा वर्षातून दोनदा फोन करायचा. दिवाळीला आणि काकींच्या वर्षश्राद्धाला. घरी फोन नव्हता. खालच्या शेठनं दुकानात काचेचं केबिन करून एसटीडी-आयएसडीचा पिवळा बोर्ड लावला होता, तिथं यायचा. "तब्येत कशी आहे? पैसे मिळाले? ठेवतो." एवढंच संभाषण. काका महिन्याला पत्र लिहायचे. त्याला उत्तर म्हणून बँकेत पैसे यायचे. मी राहायला गेले त्याआधीच्या दिवाळीला काकांनी फोनवर धीर करून विचारलं होतं, "तू तिकडं नक्की करतोस काय, बाळा?" मुलगा म्हणाला, "तुम्हाला नाही कळणार, बाबा."

हे मला सांगताना काकांचा आवाज जराही कडवट नव्हता. "त्याचं चूक नाही, टीचर. मला नाहीच कळत. मग कळून घ्यायला नको? बापानं मुलाशी बोलायचं तर त्याला विषय नको?"

मुलगा जाताना पुस्तकं माळ्यावर टाकून गेला होता. काकांनी ती खाली काढली, आणि त्यांतच त्यांना त्या परीक्षेचं माहितीपत्रक सापडलं. अमेरिकेत फिजिक्स शिकायला जायचं तर देतात ती परीक्षा. शंभरेक प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं, एक गोळा पेन्सिलनं काळा करायचा. सगळ्या जगात पेपर सारखाच, आणि आपल्याकडं मुंबईत सेंटर. काकांनी ते अक्षर न् अक्षर वाचलं आणि त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, परीक्षेला कुणीही बसू शकतो, वयाची अट नाही. आणि दुसरी, आपण सांगू त्या युनिव्हर्सिटीला निकाल परस्पर जातो.

"म्हणजे त्याच्या डिपार्टमेंटला," मी म्हटलं.

"त्याच्या डिपार्टमेंटला. माझं नाव जाईल. बोर्डावर लावतील."

"बोर्डावर नाही लावत हो, काका. फाइलला लावतात."

"फाइलला लावायला तरी कुणी वाचणारच ना? वाचलं की त्याला दाखवणार. मग तो फोन करील. दिवाळी नसताना, श्राद्ध नसताना करील."

हे त्यांना हवं होतं. दिवाळी नसताना एक फोन. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की हा द्राविडी प्राणायाम कशाला, सरळ पत्रात लिहा, बाळा, माझ्याशी बोल. ते म्हणाले, "बोल म्हटलं तर तो तब्येत विचारील."

वेळ मात्र मोजकाच होता. मुलाची पीएच.डी. संपत आली होती, जूनमध्ये तो ते डिपार्टमेंट सोडणार होता. पुढं कुठं जाणार ते काकांना माहीत नव्हतं. परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे हीच, पुढची उपयोगाची नाही. जी पोरं चार वर्षं हा विषय शिकून महिनोन् महिने तयारी करतात, त्यांच्यात हा मॅट्रिक झालेला माणूस हिवाळ्यात सुरू करून उन्हाळ्यात बसणार. आणि शिकवणारी कोण, तर मी. सेकंड क्लास बी.एस्सी., उल्हासनगरच्या पोरांना आठवीचं विज्ञान शिकवून घसा बसलेली. त्या पुस्तकांतलं निम्मं मलाच झेपत नव्हतं. मी आदल्या दिवशी वाचायची, दुसऱ्या दिवशी ते त्यांना सांगायची, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं विसरायचो.

काकांना गणित यायचं ते हजेरीपुरतं. पण खरी अडचण गणिताची नव्हती. अडचण अशी, की त्यांना काहीही खोटं धरवत नसे. गणिताची सुरुवातच मुळी "घर्षण नाही असे धरा" इथून होते. काका पेन्सिल खाली ठेवायचे. "कसं धरा? कुठं असतं असं?"

"नसतं. पण धरायचं. सोपं पडतं."

"सोपं पडतं म्हणून माणूस आला नसताना आला असं धरायचं? नोकरी गेली असती माझी." घर्षणावर आमचा आठवडा गेला. शेवटी मी चिडून म्हटलं, घर्षण रजेवर आहे असं समजा. तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. रजा त्यांना मान्य होती. रजा म्हणजे असणं नाकारलं नाही, आज आलेला नाही, इतकंच.

घड्याळाचं प्रकरण तर विचारू नका. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तर दारात काका. पाळी सोडून आलेले, म्हणजे काहीतरी भयंकर असणार.

"टीचर, चालत्या माणसाचं घड्याळ मागं पडतं म्हणे. थांबलेल्यापेक्षा."

"पडतं."

"सिद्ध झालंय?"

"झालंय."

ते उंबऱ्यावरच बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावचा एक कामगार रोज सायकलनं फॅक्टरीत यायचा. रोज भोंग्यानंतर दोन-तीन मिनिटांनी. रोज मनगट पुढं करून सांगायचा, साहेब, माझ्या घड्याळात सात वाजायचेत अजून. काकांनी वर्षानुवर्षं त्याला लेट मार्क दिले. त्याचे पैसे कापले गेले. "आणि मी खिडकीत बसून होतो, टीचर. तो सायकलवर होता."

मी हसले. इतकी हसले की तव्यावरची भाकरी करपली. मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाले आणि समजावून सांगितलं, की सायकलच्या वेगानं काही होत नाही, झालं तरी ते मोजतासुद्धा येणार नाही इतकं कमी.

"पण होतं ना?"

"होतं."

"मग झालं तर."

त्या रविवारी अभ्यासाचा ओव्हरटाइम बुडवून काका त्या गावाला गेले. माणूस शोधून काढला. त्यानं ओटीवर बसवलं, चहा दिला. काकांनी आइन्स्टाइनसकट सगळं सांगून माफी मागितली. तो म्हणाला, "काय साहेब तुम्ही पण. मी लेटच यायचो ना. घड्याळ मागं करून ठेवायचो मुद्दाम." परत आल्यावर काका दोन दिवस धड जेवले नाहीत. फसवणुकीचं त्यांना तितकं नव्हतं. "एवढी वर्षं रोज तोंड बघितलं एकमेकांचं," ते म्हणाले, "आणि खरं बोलायला मला सायन्स घेऊन जावं लागलं." मी त्यांना विचारणार होते, की काका, तुमचं आणि मुलाचंही असंच काही नाही ना. पण मी विचारलं नाही. त्यांना ते माझ्याइतकंच कळत असणार.

परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो असं कळलं, तर त्यांनी पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला आला. कोणत्या देशात जाणार, त्यानं विचारलं. काका म्हणाले, "देशात नाही. चर्चगेटला." हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, खरं आहे ते. तो बिचारा चहा पिऊन, मान हलवत गेला. जिन्यातून त्याचं बोलणं ऐकू आलं, शेठला विचारत होता, "वरचे काका बरे आहेत ना?" शेठ म्हणाला, "एकदम फस्ट क्लास आदमी है साब. अकेला है, बस."

मार्च आला तसा अभ्यासाचा नाद सोडून आम्ही युक्तीकडे वळलो. मी माहितीपत्रक नीट वाचलं होतं. चूक उत्तराला पाव मार्क कापतात. कोरं सोडलं तर काही कापत नाहीत. मी त्यांना पढवून पढवून सांगितलं, की काका, येतं तेवढंच करा. लंबक, स्प्रिंग, उष्णता, भिंगं, एवढं तुमचं बऱ्यापैकी झालंय. बाकीच्याला हात लावू नका. सगळं सोडून द्या. तेवढ्यावर लाज राहील एवढे मार्क पडतील.

"सोडून देऊ," ते म्हणाले.

"शपथ?"

"टीचर, मी टाइमकीपर आहे. शपथ कशाला?"

परीक्षेच्या दिवशी मी त्यांना डबा करून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. काकी गेल्यापासून दुसऱ्याच्या हातचा डबा पहिलाच, असं काहीतरी पुटपुटले आणि गेले. दिवसभर माझं शाळेत लक्ष नव्हतं. माझ्या स्वतःच्या बी.एस्सी.च्या पेपरला मी इतकी घाबरले नव्हते.

संध्याकाळी आले ते खुशीत. सेंटरच्या दरवाजावर शिपायानं अडवलं म्हणे. पालकांनी बाहेर थांबायचं. "मी त्याला सांगितलं, बाबा रे, पालक आहे ते खरं, पण परीक्षाही माझीच आहे." आत सगळी गोरीगोमटी, चष्मेवाली पोरं. कुणी हसलं नाही. शेजारच्या मुलीनं खोडरबर दिला.

"किती प्रश्न केले?" मी विचारलं.

"सगळे."

"सगळे? येत होते?"

"येत होते ते आधी केले. मग बाकीचे भरले."

माझं डोकंच फिरलं. "काका, मी महिनाभर घसा फोडून काय सांगत होते? चुकलं की कापतात. सोडायचे होते. तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," काका म्हणाले. "पण तो कागद समोर आला, टीचर, आणि ओळीनं रिकामे गोळे. हात थांबेना. सगळ्या नोकरीत मी मस्टरवर एक जागा कोरी ठेवली नाही. कोरी म्हणजे गैरहजर. आणि हा कागद त्याच्याकडं जाणार. त्याला काय दिसेल? बाप अर्धा आला नाही."

मी आणखी बोलणार होते, पण त्यांनी डबा पुढं केला. धुऊन आणला होता.

मे महिन्याच्या शेवटी निकालाचं पाकीट आलं. परीक्षा देणाऱ्यांतले किती जण आपल्या मागे आहेत तेही त्यात छापलेलं असतं. काकांच्या मागे फारच थोडे होते. मला वाचून रडू यायला लागलं. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या मागेही माणसं आहेत." मग विचारलं, "हाच कागद तिकडंही गेला असेल ना?" गेला असेल म्हटलं. त्या दिवसापासून पाळी बंद. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले, खाली शेठचं केबिन दिसेल असं.

जूनच्या पहिल्या का दुसऱ्या रविवारी, सकाळीच, शेठ स्वतः जिना चढून आला. धापा टाकत म्हणाला, "अंकल, अमेरिका से फोन था. आपका लडका. आधे घंटे में फिर करता हूँ बोला." आणि मग, कारण तोही इतकी वर्षं हे फोन बघत होता, "अभी तो दिवाली नहीं है ना?"

काका लगेच उठले. आत गेले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मग मला म्हणाले, "टीचर, तुम्ही चला बरोबर. त्यानं काही अवघड विचारलं तर मला हळूच सांगा."

"काका, तो काही परीक्षा घेणार नाही."

"नाही, पण विषय निघेल ना. निघाल्यावर अडायला नको."

जिना उतरताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. लंबकाचं सूत्र होतं.

केबिन एका माणसापुरतं. आम्ही दोघं आत अंग चोरून उभे. फोन वाजला. काकांनी रिसीव्हर उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून दोघांच्या मधे धरला.

"बोल बाळा."

"बाबा, हा काय प्रकार आहे?"

"पोचला काय कागद?" काकांचा चेहरा असा उजळला होता, की मला तो आजही बघवणार नाही.

"सेक्रेटरीनं आणून दाखवला मला. सगळ्यांच्या समोर. आडनाव तेच, गाव तेच. आणि तुमचं नाव माझ्या नावात मधे आहे, तिनं तेही बरोबर पकडलं. विचारते, हा तुझा कुणी लागतो का?"

"मग?" काका म्हणाले. अजून त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी काचेकडे तोंड केलं.

"मग काय बाबा. मी इथं पहिल्या वर्षापासून सांगितलंय की माझे वडील फिजिक्सचे प्रोफेसर आहेत. आणि हा स्कोअर. तुम्ही पाहिलात तरी का तो?"

लाइन खरखरत होती. मग अगदी हळू, एखाद्याला जपून विचारावं तसं काकांनी विचारलं, "मग तू काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, ओळखत नाही. आमच्याकडे एका नावाची खूप माणसं असतात म्हटलं."

"बरं केलंस," काका म्हणाले. "तुझ्याकडं रात्र असेल आता. जेवलास?"

"मी पुढच्या आठवड्यात इथून जातोय. पत्ता कळवीन. ठेवतो."

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, वायरीचा पीळ सोडवून सरळ केला. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. मनात त्या पोराला मी काय काय ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही. स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं तर ज्याला मधे बापाला घ्यावंच लागतं, तो सांगून मोकळा झाला, ओळखत नाही. काऊंटरवरून शेठनं विचारलं, "क्या बोला लडका, अंकल? सब ठीक?"

काकांनी खिशाचं पेन नीट लावलं. "ठीक है," ते म्हणाले. "उधर सब लोग पूछते हैं मेरे बारे में."

जिन्यात ते माझ्या पुढं होते. मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबले. मला वाटलं दम लागला, म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं त्यानं. मी थोडा जास्त अभ्यास केला असता, टीचर. प्रोफेसरला एवढे कमी मार्क बरे दिसत नाहीत."